बयाबाईची पांढरी बट

"बघा, बघा! काळी पडाया लागली!"

कुणीतरी बाई ओरडली आणि केरूच्या खळ्यात जमलेल्या दीडदोनशे माणसांचा गलका एकदम थांबला. चैत्राची भर दुपार होती. पिंपळाची सावली रिकामी टाकून सगळी वस्ती उन्हात उभी होती. मधोमध पाटावर सात वर्षांची मैना बसली होती. तिच्या काळ्याभोर केसांत, कपाळाच्या बरोबर वर, दोन बोटं रुंद पांढरीशुभ्र बट होती. जन्मापासूनची. डोळेही आमच्याकडे कुणाचे नसतात तसे, फिकट निळे. ती बट देवराम भगताने बाटलीतल्या तीर्थाने भिजवली होती, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ती आधी मातकट झाली, मग तपकिरी, आणि आता शेंड्याकडून काळी होत चालली होती.

"निघाली!" देवराम हात वर करून नाचत होता. "बया निघाली! पायात व्हती, गुडघ्यात आली, काळजात आली, आता केसाच्या टोकावर बसली हाय! माज्या गुरूच्या गुरूनं हे तीर्थ हिमालयात एका पायावर बारा वर्सं हुभं राहून मिळवलंय. कुनी शिंकू नका, न्हाय तर तुमच्या अंगात जाईल!"

मागच्या खेपेला ती बारा वर्षं गिरनारावर झाली होती. पण हे आठवून हसू येण्याच्या स्थितीत तेव्हा कुणीच नव्हतं. मीसुद्धा नव्हते.

मी वत्सलाबाई. नाशकात सुईणपणाचं रीतसर शिक्षण घेतलं, नर्स झाले आणि दिंडोरी रस्त्यावरच्या या मळेवस्त्या माझ्याकडे आल्या. त्या दिवशी, एकोणीसशे अडतीस साली, मी शेजारच्या घरी एका बाळंतिणीला बघायला आले होते आणि गर्दी पाहून थांबले. मी शिकलेली बाई, पण ती बट काळी पडताना पाहून माझ्याही अंगावर काटा आला. कारण मी बयाबाईला जिवंत पाहिलं होतं.

बया म्हणजे केरूची आई, मैनाची आजी. तिच्या कपाळावर हीच बट होती आणि डोळे हेच. नऊ वर्षांपूर्वी पटकीच्या साथीत या वस्तीतली अकरा माणसं गेली. कुणीतरी म्हणालं, बया ज्या घरी ताक मागायला गेली त्याच घरातलं माणूस मेलं. तेवढं पुरलं. लोकांनी तिला विस्तव देणं बंद केलं, पाण्याला येऊ देईनात. एक दिवस ती माझ्या दवाखान्यात आली. पायरीखालीच उभी राहिली, वर आली नाही.

"बाई, तुमचं ऐकत्यात समदी," ती म्हणाली. "सांगा की त्यास्नी. माज्या डोळ्यानं मानूस मरत नाय."

"येते," मी म्हणाले. "दोन दिवसांत येऊन सांगते."

मी गेले नाही. नोकरी नवी होती, मी विधवा, एकटी. वस्तीने मला दारात उभं केलं नाही तर काय, ही भीती होती. तिसऱ्या दिवशी बया मळ्याच्या जुन्या विहिरीत सापडली. त्यानंतर त्या विहिरीवर मोट चालली नाही.

दोन वर्षांनी केरूची बायको कुसाबाई माझ्याच हातून बाळंत झाली. सकाळची वेळ होती. मुलीचं डोकं बाहेर आलं तेव्हा ओल्या काळ्या केसांत पांढरी रेघ दिसली. दाराशी बसलेल्या बायका बघायला वाकल्या आणि एकेक करून उठून गेल्या. मुलीने डोळे उघडले. मी तिला हातात धरून उभी होते आणि बया माझ्याकडे बघत होती.

तेव्हापासून वस्तीत एकच बोललं जात होतं: बया परत आली. मुलगी हाक मारली तरी वळून बघत नाही, चार वर्षांची झाली तरी बोलत नाही, कारण तिला मेलेल्यांचंच ऐकू येतं. देवराम भगताने याला नाव दिलं, विधी दिला, आणि दर दोन-चार महिन्यांनी अमावास्या-पुनवेला शिधा, नारळ, कोंबडं घेऊन बया काढायला सुरुवात केली. बट काळी व्हायची. लोक पाया पडायचे, देवराम ती कापून विस्तवात टाकायचा. मग पंधरा दिवसांत मुळाशी पुन्हा पांढरं दिसायचं. बया परतायची.

त्या दुपारी बट पुरती काळी झाली तेव्हा मैना घाबरून रडत होती. तोंडातून नुसता घोगरा आवाज येत होता. माझ्याने राहवेना. पुढे झाले, तिच्या कपाळावरचे ओले केस मागे सारले, पदराने डोळे पुसले.

"बाई, हात लावू नका!" देवराम खेकसला. "ती तुमाला धरंल!"

मग त्याने गर्दीकडे वळून हुकूम सोडला. "ही शेवटची खेप नव्हं. बया मुळाशी बसलीय. पुढल्या अवसेला दुपारी पोरीला तिच्या हिरीत सोडायची. कासरा बांधून तीन बुडक्या. बया आपलं घर वळखंल आन् पोर सोडंल."

"आन् न्हाय सोडली तर?" कुणीतरी विचारलं.

"मंग चवथी बुडकी," देवराम म्हणाला.

मी केरूकडे पाहिलं. डोक्याला गच्च पागोटं बांधून तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता.

संध्याकाळी घरी हात धुताना माझ्या लक्षात आलं. उजव्या हाताची तीन बोटं काळी पडली होती. साबण लावला, राख लावली, चिंच चोळली. डाग हलेना. पदरावरही तसेच डाग. मी ओट्यावर बसून राहिले. खरं सांगते, त्या घटकेला मी शिकलेली नव्हते. बयेने मला धरलंय असंच वाटलं. तिला धरायचं कारणही होतं. मी येते म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी कुसाबाई धावतपळत दवाखान्यात आली. मैना तिच्या कडेवर. पोरीच्या कपाळावर चार आणि कानाजवळ एक, अशी पाच काळी बोटं उमटली होती.

"रातीतून आली, बाई," कुसाबाई धापा टाकत म्हणाली. "सासूची बोटं हायेत. समदी वस्ती बघून गेली. देवरामबुवा म्हनले, बयेनं खूण केलीय, आता हिरीबिगर इलाज नाय."

मी मैनाला टेबलावर बसवलं. मागे जाऊन जोरात टाळी वाजवली. तिने पापणी हलवली नाही. पितळेचं भांडं तिच्या कानामागे आपटलं. तरी नाही. मग मी टेबलाच्या लाकडावर हळूच बोट वाजवलं, आणि मैना गर्रकन वळून माझ्याकडे बघून हसली.

"कुसा, ही घरी असं कधी करते? हात लावून ऐकते?"

"नव्या हिरीवर मोटंच्या खांबाला गाल लावून बसती की. तासन् तास."

"ती मेलेल्यांचं ऐकत नाही. तिला ऐकूच येत नाही. पोर बहिरी आहे."

कुसाबाईने पोरीच्या कानाला हात लावला. बहिरी हा शब्द गेल्या सात वर्षांत तिच्या दारी कुणी आणलाच नव्हता.

पोरीचं कपाळ पुसायला कापूस घ्यावा म्हणून मी कपाट उघडलं. तिथे माझा ट्रे होता, नव्या बाळांच्या डोळ्यांत घालायच्या थेंबांचा. आम्ही त्याला काष्टिकचे थेंब म्हणत असू. निळ्या बाटलीत, उजेडापासून जपून ठेवायचं औषध. ट्रेवरच्या पांढऱ्या फडक्यावर थेंब सांडून सांडून डाग पडले होते. तपकिरी, काळपट, कितीही धुतले तरी न जाणारे. मी फडकं उचललं आणि माझी बोटं त्याशेजारी धरली.

एकच रंग.

मला आधी राग आला, तो स्वतःचा. सात वर्षं हे फडकं मी रोज बघत होते.

काष्टिक म्हणजे विरघळवलेली चांदी, एवढं शिकताना ऐकलं होतं. ते पाणी भगताकडे कुठून येणार? त्याच दिवशी टांग्याने नाशकात गेले. जुन्या बाजारात नजीरमियांचं दुकान होतं. ते आरशांच्या काचांना चांदीचा मुलामा चढवत. त्यांची बहीण आबिदा माझ्याकडे बाळंत झालेली, त्यामुळे ओळख होती. मी काही बोलायच्या आत नजीरमियांनी माझ्या बोटांकडे पाहिलं आणि आपला पंजा पुढे केला. नखांपर्यंत काळा.

"बाई, तुम्ही पण आरसे बनवायला लागल्या का?" ते हसले. "ये चांदी का पानी है. तेजाबात चांदी विरघळवायची. पाण्यासारखं साफ दिसतं. पण ऊन लागलं की काळं. कातडी, कापड, केस, जे लागेल ते काळं. तेव्हाच्या तेव्हा कळत नाही, नंतर उमटतं."

"देवराम नावाचा भगत नेतो का तुमच्याकडून?"

नजीरमिया गंभीर झाले. "देवाच्या मुखवट्याला चांदी चढवायची म्हणून नेतो. तीन साल झाले. काय करतो त्याचं?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी हातातली काच खाली ठेवली.

"मी येऊन सांगितलं असतं," ते म्हणाले. "पण मी आलो तर गोष्ट पोरीची राहणार नाही, भलतीकडेच जाईल. तुम्ही हे घेऊन जा." त्यांनी काळ्या कागदात गुंडाळलेली बाटली दिली. "पोरीला मात्र वाचवा, बाई. आणि एक लक्षात ठेवा, तांब्याच्या भांड्यात ओतू नका, खराब होतं."

परत येताना टांग्यात मला आठवलं. आपल्याकडे घरोघरी तीर्थ तांब्याच्या गडूत असतं, देवरामचं तेवढं काचेच्या बाटलीत, वर काळं फडकं. आणि भुतं काढायला त्याला नेमकी टळटळीत दुपार लागायची. ढगाळ दिवशी तो म्हणायचा, आज बया झोपलीय.

अमावास्येला मी पोचले तेव्हा जुन्या विहिरीभोवती दोन गावची माणसं होती. विहीर खोल, पाणी तळाला, हिरवं. कासरा काठावर गुंडाळून ठेवला होता. मैना पाटावर. तिला काय होणार हे कुणी सांगितलं नव्हतं, सांगता येत नव्हतं. देवरामने तिच्या बटेच्या मुळाशी तीर्थ लावलं आणि मंत्रांचा घोष सुरू केला.

मी गर्दीतून आत शिरले, मैनाच्या शेजारी मातीत बसले आणि अंबाडा सोडला.

चाळिशीत माझे कानाजवळचे केस पांढरे झाले होते. विधवेने चारचौघांत केस मोकळे सोडले म्हणून बायका कुजबुजल्या. मी नजीरमियांची बाटली काढली, कापसाचा बोळा भिजवला आणि पांढऱ्या केसांवरून फिरवला.

"हे काय करताय?" देवराम थबकला.

"तुमच्यासारखंच. तुम्ही मंत्र म्हणा, मी गप्प बसते. बघू कोणाची बट आधी काळी होते."

त्याचा चेहरा उतरला, पण माघार घेता येईना. मी ऊन सोसत बसून राहिले. मैनाने माझा हात धरला. थोड्या वेळाने समोरच्या बाया माझ्या कानाकडे बोटं दाखवायला लागल्या. मला माझे केस दिसत नव्हते, त्यांच्या तोंडावरून कळत होतं.

"झाली का काळी?" मी विचारलं. "मंत्र कुठला? हिमालय कुठला? हे आरशेवाल्याकडचं चांदीचं पाणी आहे. उन्हात काळं पडतं. केस वाढला की खालून पुन्हा पांढरा येतो. पोरीच्या कपाळावरची बोटं यांचीच आहेत, तीर्थात बुडवलेली. माझीही बघा!" मी हात वर केला. "आणि यांची बघा!"

मला वाटलं, झालं. एवढं दाखवल्यावर माणसाला दिसणारच.

देवरामने क्षणभर काळी बोटं मुठीत लपवली, आणि मग असा काही ओरडला की काठावरची पाखरं उडाली. "दिसलं का? बया बाईत शिरली! सांगत व्हतो हात लावू नका! आता दोगींतबी हाय ती! दोगींना सोडा हिरीत!"

गर्दी हलली. मघाशी माझ्या केसांकडे आश्चर्याने बघणारी माणसं आता वेगळ्या नजरेने बघत होती. नऊ वर्षांपूर्वी बयेला काय दिसलं असेल ते मला त्या वेळी दिसलं. कुणीतरी माझा दंड धरला. कुणीतरी कासरा उचलला. मैनाच्या काखेत हात घातला गेला आणि ती किंचाळली.

"थांबा."

आवाज केरूचा होता. तो इतका क्वचित बोलायचा की सगळे वळले. तो विहिरीच्या काठाशी येऊन उभा राहिला आणि दोन्ही हातांनी पागोटं सोडायला लागला. वेढे सुटता सुटेनात. अखेर ते मातीत पडलं.

त्याने पंधरा दिवस डोकं भादरलं नव्हतं. खुंटासारखे काळे केस वाढले होते, आणि कपाळाच्या मधोमध, दोन बोटं रुंद, पांढरे.

"मलाबी हाय," केरू म्हणाला. "जलमापासून. आयनं दर आठ दिवसाला परगावचा न्हावी बशिवला. म्हनायची, माजे हाल झालं तसं तुजे नको. चाळीस वर्सं म्या डोई झाकली. आयला हिरीत ढकलल्यावानी केलं तुमी, तरी म्या पागोटं काढलं नाय." तो देवरामकडे वळला. "बुवा, तुमी म्हनता आय मरून पोरीत आली. मंग माज्यात कोन व्हतं? तवा आय जित्ती व्हती! चुलीपुढं भाकरी थापत व्हती!"

मग गर्दीच्या मागून काठी टेकत धोंडाबाई आली. वस्तीतली सगळ्यांत म्हातारी सुईण, केरूची नाळ तिने कापलेली. "खरं हाय," ती म्हणाली. "म्या पायलीया ती बट. बयेनं माज्याकडून शपथ घेतली व्हती. आन् बयेचा बापबी तसाच व्हता. पेठकडला. लगनात म्या त्याला पायला, पांढऱ्या बटंचा." ती थांबली. "पटकीच्या साली म्या हे बोलाया पायजे व्हतं."

माझा दंड धरणारा हात सुटला. मैनाला कुसाबाईने ओढून पोटाशी घेतलं. देवराम बाटली कनवटीला खोचून सटकत होता, तेवढ्यात कुसाबाईने एका हाताने ती हिसकावली आणि उरलंसुरलं तीर्थ त्याच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर ओतलं. तो पळाला नाही, ताठ चालत निघाला. मळ्याच्या बांधावरून, उघड्या उन्हात. आम्ही सगळे बघत होतो. पहिल्या बांधापर्यंत धोतर नुसतं ओलं दिसत होतं. तिसऱ्या बांधाशी ते मातकट झालं, आणि रस्त्याला लागेपर्यंत काळं.

मैनाच्या कपाळावरचे डाग पुढच्या काही दिवसांत कातडीबरोबर निघून गेले. बट पुन्हा पांढरी वाढली, कुणी काळी केली नाही. मुंबईला बहिऱ्या मुलांची शाळा होती. केरूचं मन धजेना, म्हणून मी आणि कुसाबाईने मिळून तिच्यासाठी हाताच्या खुणा बनवल्या. पुढे ती शिवण शिकली. तिचं लग्न झालं, दोन मुलं झाली. थोरल्याला बट आहे, ऐकायला खणखणीत येतं. धाकटीला बट नाही.

हे असं का, ते मला बऱ्याच वर्षांनी एका डॉक्टरांनी समजावलं. कातडीला, केसांना, डोळ्यांना रंग देणाऱ्या पेशी वेगळ्या असतात. मूल पोटात असताना त्या पाठीच्या कण्याजवळ जन्मतात आणि तिथून शरीरभर चालत जातात. त्यांनी कधी निघायचं, कुठवर जायचं, हे आईबापांकडून आलेल्या बीजातले गुणघटक ठरवतात. त्यांना जीन म्हणतात. त्यातल्या एकात चूक असली की काही पेशी कपाळापर्यंत पोचत नाहीत, तिथला केस पांढरा उगवतो. काही डोळ्यांत पोचत नाहीत, डोळा निळा दिसतो. याच पेशी कानाच्या आतही लागतात. तिथे नाही पोचल्या तर मूल बहिरं जन्मतं. एकाच घरात कुणाला नुसती बट, कुणाला बहिरेपणही. बापाकडून बयेला, बयेकडून केरूला, केरूकडून मैनाला. साधारण निम्म्या मुलांत उतरतं, निम्म्यांत नाही. बयेचं जे परत आलं ते एवढंच. ते तिच्या आधीही होतं, तिच्या नंतरही राहणार आहे. त्यात राग नाही, सूड नाही.

पण बया परत आलेली नाही. तिला विहिरीपर्यंत नेलं ते तिच्या डोळ्यांनी नाही. आमच्या गप्प बसण्याने नेलं. धोंडाबाईच्या, केरूच्या आणि सगळ्यांत जास्त माझ्या, कारण मला थोडंफार कळत होतं.

तेव्हा सांगते. तुमच्या घरात असं मूल जन्मलं, पांढऱ्या बटेचं, निळ्या डोळ्यांचं, कोडासारख्या डागाचं, तर घाबरू नका. त्याच्या बापाचं डोकं बघा, आजीचं, मामाचं बघा, म्हाताऱ्यांना विचारा. मुलाच्या मागे उभं राहून टाळी वाजवा. कुणी तीर्थ आणलं तर ते सावलीत लावून दाखवायला सांगा. आणि ज्याच्याबद्दल लोक कुजबुजायला लागतील त्या माणसाच्या दारी जाऊन उघड उभे राहा, दोन दिवसांनी नको, त्याच दिवशी. मूल घेऊन दवाखान्यात या. आमचा दवाखाना सकाळी आठला उघडतो.